गुलालात न्हालेला दादा

फुटबॉलच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा होता. तालमीच्या संघातल्या पोरांनी त्याला खांद्यावर उचललं, हलगी कडाडली आणि गुलाल उधळत अख्खी पेठ नाचू लागली.

वर बसून तो गोंधळला होता. चेंडू आला की पाय आपसूक चालायचे, पण सामना सुरू झाल्यापासून तो संपायचीच वाट बघायचा. हे सांगायचं तरी कुणाला?

खाली थोरला भाऊ बेभान नाचत होता. सगळा हंगाम राखीव म्हणून बाहेर बसलेला दादा आनंदानं रडत होता.

तालमीपाशी दादानं त्याला उतरवून मिठी मारली. "मर्दा, असला गोल तुला जमतो तरी कसा रं?"

दादाच्या ओल्या गालावरचा गुलाल पुसत तो म्हणाला, "आणि दादा, तुला एवढा आनंद कसा जमतो?"