एकही तक्रार नाही

बॅकअपची टेप बदलायला सुदर्शन दुपारी बारा वाजता सर्व्हरच्या खोलीत शिरला, तेव्हा त्याला कळलं. हॉस्पिटलचा फाइल सर्व्हर काल संध्याकाळी सातपासूनच हँग. मेमरी काठोकाठ भरलेली. लॅबने पाठवलेला एकही रिपोर्ट वॉर्डांत पोचलेला नाही. सतरा तास! आणि फोन? एकही नाही.

फोन येणार कुठून! हा सर्व्हर महिन्यातून चारदा मान टाकायचा. वॉर्डातल्या पडद्यावर एरर झळकली की सिस्टर ओरडायच्या, मग साहेब ओरडायचे. मेमरी नेमकं कोण खातंय हे शोधायला सवड कुणाला होती? म्हणून गेल्या महिन्यात या हुशार सुदर्शनने शक्कल लढवली. सर्व्हर बंद पडला, तर पडद्यावर शेवटचा आलेला रिपोर्टच दिसत राहील. वर तारीख मात्र आजची. ओरडा थांबला. साहेबांनी पाठ थोपटली, चहाही पाजला.

आता तो जिने चढत डेंग्यूच्या वॉर्डात धावला.

"सिस्टर, पडद्यावरचे आकडे धरू नका! सगळे कालचे आहेत."

रुपाली सिस्टरच्या हातातला पेन थांबला. "अहो, काय बोलताय? सकाळी डॉक्टर हेच आकडे बघून गेले."

तिने लॅबला फोन लावला. तीन नंबरच्या खाटेवर नऊ वर्षांची संस्कृती झोपली होती. पडद्यावर तिच्या प्लेटलेट्स एक लाख दहा हजार. फोनवर ऐकता ऐकता सिस्टरचा चेहरा उतरला.

"आठ हजार," ती म्हणाली. "सकाळीच पाठवलाय म्हणे रिपोर्ट. देवा! इतक्या कमी झाल्या की रक्त कुठूनही फुटतं." आणि ती डॉक्टरांना बोलवायला पळाली.

खाटेशेजारी बसलेले संस्कृतीचे वडील, महिपती, उठून उभे राहिले. त्यांना या धावपळीतलं काहीच उमगलं नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटरवाल्या साहेबाला हात जोडले आणि काखेतला टॉवेल उलगडून दाखवला. लालभडक.

"पहाटेपासनं नाकातनं रगात येतंय तिच्या. मीच पुसतोय. आकडा चांगला हाय म्हनल्यावर तुमास्नी कशाला तरास द्यायचा?"