काचेपलीकडचा गारवा

"यंत्रासोबतचा नाही का एखादा?" अधिकाऱ्याने फोटो उलटसुलट करून मुलीच्या हातात परत ठेवला. "हा नुसता चेहरा आहे, ताई. इथे सगळे यंत्रासोबतचेच लावलेत."

भिंतीवर साहेबलोक रांगेने हसत होते. कोणी यंत्राला टेकलेला, कोणी त्यावर हात ठेवून. आणि समोर, काचेच्या खोलीत, कंपनीचा पहिला संगणक उभा होता. माणसाहून उंच कपाटं, त्यांच्या दारांत टेपची चाकं. बंद पडून जमाना लोटला होता, पण कंपनीच्या संग्रहालयाच्या उद्घाटनासाठी घासूनपुसून लख्ख केला होता.

"आई पंचिंगला होती," मुलगी म्हणाली. "याच्या पोटात जे जे गेलं, ते तिनं कार्डांना भोकं पाडून घातलं. महिना झाला तिला जाऊन. एक फोटो लागावा, एवढंच."

"समजतं हो मला. पण बघणाऱ्याला संदर्भ लागतो."

सोबत आलेली मावशी फिसकन हसली. पंचिंगच्या खोलीत ती आणि आई शेजारी शेजारी बसायच्या.

"यंत्रासोबतचा कुठून आणायचा, साहेब? आत पाय ठेवू देत नव्हते आम्हाला. आमच्या कपड्यांची धूळ होते म्हणे! आम्ही सासूबाईच म्हणायचो या यंत्राला. दिवसभर भरवा, आणि एक घास चुकला की सगळं ताट भिरकावणार. वर सासूबाईंना गारवा, सुनांना भट्टी. पंखासुद्धा लावायची सोय नाही. कार्डं उडाली, क्रम बिघडला, की केलेलं सगळं मुसळ केरात."

पंख्याचं मुलीला माहीत होतं. शेवटच्या तापात आईचं अंग चटके देत होतं, आणि ती एकसारखी सांगत होती, "पंखा बंद कर गं, कार्डं उडतील." कार्डं नाहीत आई, कुठेच नाहीत, म्हणून मुलीने परोपरीने सांगितलं. शेवटी आई बटणासाठी उठू लागली, तेव्हा तिने पंखा बंद केला.

"आत एसी चालू आहे का?" तिने विचारलं.

"चोवीस तास. उष्णता सोसत नाही त्याला."

"पण यंत्र तर बंद आहे ना?"

"म्हणून काय झालं? जपायला नको?" अधिकारी म्हणाला, आणि वाजणारा फोन कानाला लावून निघून गेला.

मावशी काचेजवळ गेली. "जेवणाच्या सुट्टीत इथे रांग लागायची आमची. तुझी आई दरवेळी मला पुढे ढकलायची, म्हणायची, तू आधी." तिने चष्मा काढला, गाल काचेला टेकवला आणि डोळे मिटले. "अगं, अजून गार आहे."

मुलीने मावशीच्या शेजारी जाऊन फोटो काचेवर पालथा धरला, आईचा चेहरा आतल्या बाजूला करून. वरून तळहात दाबला.

शिपाई फडकं घेऊन धावत आला. "अहो बाई, काचेला हात नका लावू! डाग पडतात!"

मावशीने डोळे उघडले नाहीत.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "आत्ता कुठे तिचा नंबर लागलाय."