डोंगरवाटेचा पहारा

"हा नियम काढ," लाम्ब्रोस म्हणाला. "आज माझी माणसं जागची हलणार नाहीत."

टेबलावर थर्मोपिलीची लढाई मांडली होती. एकीकडे निळ्या कापडाचा समुद्र, दुसरीकडे थर्माकोलचा डोंगर, मधल्या खिंडीत राजा लिओनिडासचे ग्रीक. डोंगरामागून एक चोरवाट येते, तिच्यावर फोकिस प्रांतातल्या ग्रीकांचा पहारा. डाव झिसिसने बसवलेला. त्याने सगळ्या तुकड्यांना फासे दिले होते, फक्त या फोकिसवाल्यांना नव्हते. इराण्यांचे बाण आले की त्यांनी मुकाट माथ्यावर पळायचं, आणि इराण्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता खाली उतरून लिओनिडासला मागून घेरायचं. इतिहासात तसंच झालं, असं झिसिस म्हणे.

आमच्या लामिया शहरातल्या या खेळांच्या क्लबात हे फोकिसवाले कुणालाच नको असत. लाम्ब्रोस मात्र हट्टाने तेच घेई, आणि का घेई ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवायला डोंगरावर तोच होता. धूर दिसला तशी आग आपल्यालाच गिळायला येतेय असं त्याला वाटलं. गावाला सावध करायला चर्चची घंटा वाजवायची सोडून तो उघड्या कातळाकडे पळाला. आग त्याच्याकडे न वळता खाली गावात उतरली. झिसिसची बायको आरेती दुपारची झोपली होती, ती उठलीच नाही.

"कशाला उगाच?" झिसिस म्हणाला. "खेळ आहे रे."

"मग घाबरतोस कशाला? लढून तरी काय दिवे लावले असते त्यांनी, एवढंच बघायचंय मला."

झिसिसने फासे त्याच्यापुढे सरकवले आणि इराणी वर चढवले. लाम्ब्रोसची माणसं एकेक करून आडवी झाली. जसजशी ती पडत होती तसतसा त्याचा चेहरा खुलत होता. बघवत नव्हतं ते.

"बघ! मेले सगळे," तो म्हणाला. "काय फरक पडला?"

खिंडीतले ग्रीक म्हाताऱ्या मान्थोसकडे होते. त्याने ते भराभर मागे घेतले आणि टेबलावर थाप मारली. "सुटलो की रे! वर तुम्ही झुंजत बसलात, तेवढ्यात माझा लिओनिडास पार!"

कुणीच हसलं नाही. मान्थोसच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. बिचारा कॉफीचा कप उचलून बाहेर गेला.

लाम्ब्रोस रिकाम्या खिंडीकडे बघत राहिला. "फासे चांगले पडले, एवढंच," तो म्हणाला. "परत मांड."

"नको."

"एकदाच, झिसिस. पाया पडतो तुझ्या."

"मी घरी मांडून बघितलंय. कितीदा तरी. फोकिसवाले लढले की खिंडीतले दरवेळी सुटतात." झिसिस पडलेली माणसं डब्यात भरू लागला. "म्हणून तर तो नियम घातला, लाम्ब्रोस. तुझ्या हातात काही नको म्हणून."