लाल टोपण

रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला सिरिंजचं टोपण लागलं. तिने मूठ थोडी उघडून पाहिलं. टोपण लाल होतं.

ती पहिल्या रांगेत बसली होती. समोरच्या टेबलावर आईचा फोटो होता. नर्सची पांढरी टोपी, बारीक काड्यांचा चष्मा, ओठ मिटून हसणं. आईला जाऊन महिना झाला होता आणि आज दवाखान्याच्या सभागृहात तिची स्मरणसभा होती. बसायला जागा नव्हती. मागे लोक भिंतीला टेकून उभे होते.

लाल टोपण. सकाळीच कपाटात इन्सुलिनच्या नव्या बाटल्या आल्या होत्या, जास्त ताकदीच्या. त्यांना केशरी टोपणाची सिरिंज लागते. लाल टोपणाची सिरिंज जुन्या, कमी ताकदीच्या बाटलीसाठी असते. बारा वाजता, सभेच्या घाईत, तिने नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजींना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं होतं. बाटली नवी होती आणि सिरिंज जुनी. तिने मनातल्या मनात गुणाकार केला. पुन्हा केला. उत्तर तेच आलं. अडीचपट.

घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. सभेमुळे जेवणाची गाडी उशिरा निघणार होती. म्हणजे आजी अजून उपाशी होत्या.

"वॉर्डच्या दाराशी क्षणभर डोळे मिटून प्रभूचं नाव घेतल्याशिवाय आपल्या मोठ्या सिस्टरनी कधी आत पाऊल टाकलं नाही," चर्चचे पाळकसाहेब सांगत होते. "आणि तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही."

सगळ्या माना डोलल्या. तिने मूठ मिटली.

घरी जेवायला बसण्याआधी आई पेशंटसाठी प्रार्थना करायची. नावं वॉर्डबाहेर न्यायची नाहीत म्हणून नंबर घ्यायची. "प्रभू, पाच नंबरला आज झोप लागू दे." लहानपणी तिला वाटायचं, पाच नंबर म्हणजे आपले कुणी मामा असावेत. "ते आपल्याकडे जेवायला कधी येणार?" असं तिने एकदा विचारलं, तेव्हा आई हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसली होती. त्या आईची ही मुलगी. दवाखान्यात सगळे तिला छोटी सिस्टर म्हणत.

हळूच उठावं, तिच्या मनात आलं. पोटात दुखतंय म्हणावं. वर जाऊन आजींना साखरपाणी पाजावं आणि टोपण कचऱ्यात टाकावं. कुणाला कळणार आहे? पण आजींची शुद्ध हरपली असेल, तर पाणी श्वासनलिकेत जाईल. मग शिरेतून ग्लुकोज लागेल, म्हणजे डॉक्टर लागतील. डॉक्टर दोन खुर्च्या सोडून बसले होते. साखर उतरली आहे, एवढंच त्यांना सांगितलं तर? ते एकदा ग्लुकोज देऊन खाली येतील. आणि जास्तीचं इन्सुलिन आजींच्या रक्तात कितीतरी तास आपलं काम करत राहील.

"आता छोट्या सिस्टर आईविषयी दोन शब्द बोलतील," पाळकसाहेब म्हणाले.

ती उठली. माइकपर्यंत पाचसहा पावलं होती. लोक ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. तिच्या श्वासाचा आवाज माइकमधून सभागृहभर घुमला.

"नऊ नंबरला मी चुकीच्या सिरिंजने इन्सुलिन दिलंय," ती म्हणाली. "अडीचपट. बारा वाजता."

डॉक्टर खुर्ची पाडून धावले. त्यांच्यामागे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, मेट्रन धावल्या, आणि त्यांच्यामागे ती.

आजी घामाने निथळत होत्या. डोळे अर्धे उघडे होते, पण हाकेला ओ नव्हती. डॉक्टरांनी शीर शोधली. मेट्रननी एक हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताची नाडी तिने धरली. तिला प्रार्थना करायची होती, पण एक शब्दही आठवेना. ग्लुकोज शिरेत गेलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला आजींच्या पापण्या हलल्या. आजी निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पलंगाभोवतीच्या गर्दीवरून नजर फिरवली.

"काय रे, तास चालू आहे ना? मग सगळे वर्गाबाहेर काय करताय?"

डॉक्टर मोठ्याने हसले. मग ग्लुकोजची बाटली टांगून म्हणाले, "रात्रीपर्यंत हे बंद करायचं नाही. बरं झालं, नेमकं काय झालंय ते कळलं."

व्हरांड्यात आल्यावर ती भिंतीला टेकली.

"मेट्रन, मी आईचं नाव घालवलं. सगळ्यांच्या देखत. तिच्या हातून एकही चूक..."

"पाळकसाहेबांना बोलायला काय जातंय! ते कुठे होते वॉर्डात?" मेट्रन धापा टाकत बाकावर बसल्या. "हे तुला लेखी द्यावं लागेल. बोलणीही खावी लागतील. खा. पण ऐक. तुझी आई ड्यूटी संपली की माझ्या दारावर टकटक करायची, आणि त्या दिवशी काय चुकलं ते सांगायची. गोळी उशिरा दिली. वजन लिहायचं राहिलं. एकदा दोन पेशंटच्या रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली, तेव्हा अशीच भिंतीला टेकली होती. ती सांगून गेली की मी बाकीच्यांना सावध करायची."

"रोज?"

"रोज. तीस वर्षं." मेट्रननी तिला शेजारी बसवलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ती गेली आणि महिनाभर माझ्या दाराशी कुणीच आलं नाही गं. एवढा मोठा दवाखाना, आणि महिनाभरात कुणाचं काही चुकलंच नाही. भीतीने माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता."