कालचा चौकोन

शेवंतीने मुलाच्या, नितेशच्या डोळ्यांदेखत थायरॉइडची गोळी गिळली, वर घोटभर पाणी घेतलं आणि त्याने शिकवल्याप्रमाणे मोबाइलवरचं बटण दाबलं. आजचा चौकोन हिरवा व्हायला हवा होता. तो लालच राहिला.

"बघ," ती घाबरून म्हणाली. "माका वाटता घेतलंय, पण खंय दिसता?"

पहाटेचे पाच वाजले होते. बोरिवलीच्या या चाळीत नळाला याच वेळी पाणी येतं, म्हणून आई याच वेळी उठते आणि उपाशीपोटी गोळी घेते. नितेश राहतो मालाडला. आज तिला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून तो मुक्कामाला आला होता.

गोळीची नोंद ठेवणारं हे ॲप नितेशनेच लिहिलेलं: दिवसाला एक चौकोन, गोळी घेतली की हिरवा, नाहीतर लाल. रोज ऑफिसात पोचला की तो ते आपल्या फोनवर उघडायचा, आजचा चौकोन लाल दिसायचा आणि तो फोन लावायचा. "आई, आजपण विसरलीस ना?" सुरुवातीला ती भांडली, देवाची शपथ घेतली. मग भांडणं सोडलं आणि मुकाट दुसरी गोळी घ्यायला लागली. लगेच चौकोन हिरवा! हळूहळू तिचे हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. आई भ्रमिष्ट होतेय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. नितेशच्या बायकोने, अक्षताने, गॅसला हात लावायचा नाही असं बजावलं. जिच्या बांगडा माशाच्या झणझणीत तिखल्याचा वास घेत शेजारी यायचे, तिला दोन वेळचा डबा लावला.

नितेशने लॅपटॉप उघडला. नोंद झाली होती, पण कालच्या चौकोनात. वेळ अचूक होती. त्या वेळेवरून तारीख काढताना मात्र कुठल्या देशाचं घड्याळ धरायचं ते त्याने सांगितलंच नव्हतं, आणि सर्व्हर बिचारा साडेपाच तास मागच्या ग्रीनिचच्या घड्याळाने चालत होता. इथे पहाट झाली तरी तिथे अजून कालचीच तारीख. त्याच्या फोननंतरची दुसरी गोळी तेवढी आजच्या तारखेत पडायची. हीच चूक करू नका म्हणून तो ऑफिसात नव्या मुलांना दम भरायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि संन्यासी कोण, तर जन्मदाती! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला.

त्याने एक ओळ बदलली. चौकोन हिरवा झाला. मग तो तिच्या पायाशी येऊन बसला.

"आई, तू एकदाही विसरली नव्हतीस. ॲपमध्ये चूक होती, माझी. माझ्यामुळे तू रोज दोन-दोन गोळ्या घेत होतीस. हात त्यानेच थरथरतायत. मेंदूच्या डॉक्टरकडे नको, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊ आणि हे सगळं सांगू."

शेवंती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"माझां मन राखूक बोलतंस रे झिला. एवढो शिकलेलो तू, तुझां कसां चुकात? तां सोड. माका एवढांच सांग, आजची गोळी घेतलंय काय मी?"