तळ्याकाठची पेटी

तैवानमधल्या ताइनानच्या तळ्यात भर दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. पाण्यात हवा मिसळणारी चाकं थांबली होती. ती चालवणारी पेटी यीरूनंच बनवलेली. “तुझं यंत्र पुन्हा रुसलं! वायरी कापून जुना खटका लावू?” वडिलांनी पक्कड उचलली. “दोन मिनिटं थांबा, बाबा.” पेटीतली चिप अडकली की आतला राखणदार टायमर तिला झटकन उठवतो; पण उठताना बारकं बटण दाबलेलं असलं, तर ती काम सोडून नव्या प्रोग्रॅमची वाट बघत बसते. यीरूनं झाकण उघडलं. बटणावर खाऊची हिरवी पुडी कोंबलेली. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच यंत्रापाशी ठेवतात तशी. पुडी काढून तिनं पेटी चालू केली. चाकं फिरली, मासे खाली गेले. “मीच ठेवली गं,” वडील पुटपुटले. “लाड जरा जास्त झाले, बाबा. झाकणावर ठेवा, तिथूनही पोचतात.”