टेकाडावरची कोरडी जागा

"आणि बालवाडी? ती कुठं बांधायची?" आपेनिसाने विचारलं.

इतका वेळ गाव भरभरून बोलत होतं. प्रार्थना झाली, पद झालं, यांगोना या मुळीच्या पेयाची वाटी सगळ्यांच्या ओठांना लागून आली आणि कचेरीतून आलेल्या या तरुण साहेबाने गावाचा नकाशा चटईवर पसरला. पुढचं नागालिवाई कसं असावं ते गावानेच सांगायचं, फिजी सरकार ऐकणार. नदीवर साकव हवा, लिहिलं. रग्बीच्या मैदानाला कुंपण हवं, लिहिलं. चर्चला घंटा हवी, तीही लिहिली.

बालवाडीपाशी मात्र सगळे चटईची वीण बघू लागले.

नदी चढली की बालवाडीत पाणी शिरायचं. गेल्या पुरात बालवाडीच्या लाइसानीबाईंनी पोरं खांद्यावर बसवून बाहेर काढली होती. गावात कोरडी जागा एकच, चर्चमागचं टेकाड. तिथं पूर्वेकडून येणारा गार वारा, खाली नदीचं वळण, आणि ऐन माथ्यावर गावप्रमुख रातू इनोके यांची डुकरं संस्थानिकासारखी पसरलेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. रातूंना सांगणार कोण?

लाइसानी दाराशी बायकांत बसली होती. ती तर रातूंची सून. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्याने सुनेशी नाही, ही तिथली रीत.

"कुणाला काही सुचत नसेल तर आहे तिथंच लिहितो," आपेनिसा म्हणाला. "जोतं जरा उंच करू." त्याने पेनाचं टोपण काढलं.

लाइसानी उठली. चहाची किटली घेऊन खाली वाकून पुढे गेली.

"दादा, साखर किती?" तिने हळूच विचारलं, पण शेवटच्या चटईपर्यंत पोचेल इतकंच हळू. "का आपल्या हाताने घेता? वुनिदाकुआची माणसं विचारून थोडीच घेतात!"

आपेनिसाचा चेहरा पडला. आपली धाकटी बहीण हिच्याबरोबर शिकायला होती, हे तो साफ विसरला होता. सकाळपासून त्याने 'कचेरीचा माणूस' एवढीच ओळख दिली होती. गावाचं नाव मुद्दामच गिळलं होतं.

आणि सभाघर उसळलं.

"वुनिदाकुआ? अरे, हा तर आपला ताउवू!"

"तरीच मघापासून खेकड्यांचा वास मारतोय!" हे एलिमीकाका, आत्ताच डोळे मिटून प्रार्थना सांगितलेले.

"चपला आत घ्या गं, चोर आलाय!"

ताउवू म्हणजे मूळपुरुष एक असलेली दोन गावं. त्यांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांच्या घरातलं हवं ते उचलावं, आणि समोरच्याने हसून सोसावं. जो रागावला तो हरला.

रातूंचीही मांडी सैल झाली. "काय रे खेकडेखाऊ, तुझ्या आज्याने आमची होडी नेली होती. आणतो म्हणाला होता!"

"होडीवरच भागवलं त्याने? दुसरं नेण्यासारखं काही दिसलं नसेल, रातू!"

छप्पर उडायचं तेवढं राहिलं. लाइसानी कपात चहा ओतत होती. "पूर्वीचे वुनिदाकुआवाले आले की आधी डुकरं न्यायचे म्हणतात," ती कपाकडे बघतच म्हणाली. "आताचे कचेरीत बसून मऊ झालेत, दादा."

आपेनिसाने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून टेकाडाकडे. मग नकाशाकडे. रंगात आलेला हरिदास उपरणं सावरून उठतो तसा तो उठला.

"रातू, टेकाडावरची डुकरं माझी. सगळी. वाडगंही माझं." आणि नकाशावर टेकाडाच्या माथ्यावर त्याने एक चौकोन काढला नि आत लिहिलं, बालवाडी.

रातूंच्या मानेची शीर फुगली. लाइसानी किटली धरून तिथंच गोठली. मागे दाराशी जायचंही तिला सुधरेना.

रातूंनी नकाशाकडे पाहिलं. मग मांडीवर थाप मारली.

"नेतोस? ने! पण मग मीही घेणार. तुझे शनिवार माझे. छपराचा शेवटचा खिळा बसेपर्यंत दर शनिवारी येऊन इथं खांब पुरायचे. आणि ते बाहेर काढलेले बूटही माझे."

"तुम्हाला व्हायचे नाहीत ते, रातू."

"न होवोत. तू अनवाणी गेलास की मी भरून पावलो!"

टाळ्या कडाडल्या. सभा संपल्याचं कुणी म्हणायच्या आत एलिमीकाकांनी पद उचललं, बायकांनी वरचा सूर धरला, पुरुषांनी खालचा. देवाचं नाव आणि हसू एकाच श्वासातून बाहेर पडत होतं, आणि देवाला त्यात काही वावगं वाटलं असेल असं वाटत नाही.

ऊन कलताना आपेनिसा अनवाणी पायांनी एक थोराड डुकरीण सरकारी गाडीत ढकलत होता. ती चढेना. सगळा गाव सल्ले देत होता, मदत कुणी करत नव्हतं.

टेकाडावर रातू स्वतःच्या हाताने वाडग्याच्या मेखा उपटत होते. जरा खाली, पाठ वळवून, लाइसानी पावलांनी जागा मोजत होती.

"एलिमी," रातू मोठ्याने म्हणाले, "बालवाडीच्या बाईंना सांग, दार पूर्वेला ठेवायचं."

एलिमीकाका हातभर अंतरावर उभे होते. "पूर्वेलाच का, रातू?"

रातूंनी आणखी एक मेख उपटली.

"डुकरं नेहमी तिकडंच तोंड करून झोपायची."